विजयमालाबाईंच्या वाट्याचं वचन

आमच्या चर्चमध्ये एक जानेवारीला सकाळची उपासना झाली की वचनं वाटतात. पितळेच्या परातीत कागदाच्या दीडशे सुरळ्या असतात आणि प्रत्येक सुरळीत पवित्र शास्त्रातलं एकेक वचन. डोळे मिटायचे, परातीत हात घालायचा आणि हाताला लागेल ती सुरळी उचलायची. ते आपलं वर्षाचं वचन. मोबाईलवर हल्ली रोज सकाळी गुलाबाच्या फुलांसकट डझनभर वचनं येऊन पडतात, पण परातीतल्या वचनाची सर त्यांना नाही. लोक ते पाकिटात ठेवतात, पिठाच्या डब्यात ठेवतात, आजाऱ्याच्या उशाखाली ठेवतात. वर्षभरात बोअरला पाणी लागो नाहीतर ठरलेली सोयरीक मोडो, म्हणतात, "वचनात हुतंच की!"

या सुरळ्या एकतीस वर्षं मी लिहीत आलो. राहुरीच्या अलीकडे पाटाच्या कडेला आमचं गाव, गावाच्या टोकाला आमची चाळीस घरांची ख्रिस्ती वस्ती, आणि मी तिथल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. अक्षर बरं म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी निवृत्त झालो, काम झालं नाही. वचनं निवडायचीही मीच. आता दीडशेच्या दीडशे गोड कुठून आणणार? म्हणून मधूनमधून मी कडूही घालायचो. आळशाला मुंगीकडे पाठवणारं वचन एकदा आमच्या कमिटीच्या सेक्रेटरीच्या हाताला लागलं. तो सहा महिने माझ्याशी बोलला नाही. मला कोण आनंद झाला होता!

हे सगळं सांगतोय ते विजयमालाबाई भिंगारदिवे यांच्याबद्दल सांगायचं आहे म्हणून. आणि त्यांच्याबद्दल सांगायचं तर माझं पाप आधी सांगावं लागतं.

बाई आता बासष्टच्या आहेत. उंच, हाडकुळ्या, चालताना एक खांदा थोडा पुढे. त्यांनी तीस वर्षं कृषी विद्यापीठाच्या शेतावर रोजंदारी केली. कांद्याच्या गोंड्यांवर मलमलच्या पिशव्या बांधायच्या, कुठल्या गोंड्याचा पराग कुठल्याला लावायचा ते लक्षात ठेवायचं, असलं निगुतीचं काम. मोठमोठे साहेब त्यांना विचारून पुढे जात. नवरा रूबेन पाटकरी होता, पाटाचं पाणी कुणाच्या वावरात कधी सोडायचं ते बघायचा. मुलगी रुपाली नगरच्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे आणि केडगावला राहते. आणि रुपालीच्या पाठचा सुनील.

सुनील माझ्या वर्गात होता. चित्रकलेच्या तासाला काहीही विषय द्या, पाऊस द्या, पोळा द्या, हा टेम्पो काढायचा. मोठा झाल्यावर डेअरीचा टेम्पोच चालवायला लागला. बाविसाव्या वर्षी एका वळणावर त्याचे दुधाचे चार कॅन सांडले आणि डेअरीसमोर, सगळ्या गावादेखत, रूबेननं त्याच्या कानाखाली वाजवली.  पोरगं घरी आलं, आईच्या हातची दीड भाकरी खाल्ली, बूट घातले आणि म्हणालं, "राहुरीला जाऊन येतो."

त्याला नऊ वर्षं झाली. पोलिसांत तक्रार दिली, स्टेशनांवर फोटो लावले. कुणी सुरतला पाहिला म्हणे, कुणी सांगलीला. रूबेन दोन वर्षांत झुरून गेला. मरताना उजवा हात पांघरुणाखाली ठेवायचा, बाहेर काढायचा नाही.

बाईंचं घर रस्त्याला तोंड करून आहे आणि समोरच एसटीचा थांबा. दुपारनंतर राहुरीकडून दोन गाड्या येतात, साडेचारची आणि पावणेसहाची. बाई चार वाजता दार सताड उघडायच्या आणि उंबऱ्यावर बसायच्या. नुसत्या बसल्यात असं कधी दिसलं नाही. हाताला काहीतरी असायचंच, शेंगा नाहीतर निवडायचे तांदूळ. गाडी थांबली की हात थांबायचे, उतरणारे सगळे उतरले की हात सुरू व्हायचे. सरकारी योजनेतून घर बांधून मिळत होतं, ते त्यांनी घेतलं नाही. पोरानं थांब्यावर उतरून बघावं आणि आपलं घर ओळखू नये, अशी भीती. ग्रामसेवक मला म्हणाला, "मास्तर, समजवा जरा." मी म्हणालो, "तू समजव, मला अजून जगायचंय."

पण रडगाणं नाही. कुणी विचारलं तर तीनच शब्द, "देव हाय की." हे तीन शब्द ऐकले की माझं डोकं फिरायचं, खरं सांगतो. मी चर्चचा माणूस, पण देवाशी माझं फारसं गोडीगुलाबीचं नाही. बायको गेली तेव्हापासून तर आमचं कामापुरतंच बोलणं. बाईंचं तसं नव्हतं. नेवाशाकडे अंगठ्याच्या नखाला काजळ लावून त्यात हरवलेला माणूस दाखवणारा कुणी आहे, तिथे चला, म्हणून त्यांची जाऊ दोन वर्षं मागे लागली होती. नऊ महिने पोटात वागवलेला पोर, रात्रंदिवस डोळ्यांपुढे. नखात का होईना, दिसतो म्हटल्यावर कोणती आई गेली नसती? बाई गेल्या नाहीत. म्हणाल्या, "ज्यानं केला त्याला ठाव हाय त्यो कुटं हाय ते. मी नखात काय बगू?" त्या दिवशी त्यांनी स्वयंपाक केला नाही, एवढं मात्र मला शेजारणीकडून कळलं.

आता माझं पाप.

सुनील गेल्यावर दर एक जानेवारीला बाई परातीत हात घालायच्या आणि दर वर्षी कोरडं ठणठणीत वचन हाताला यायचं. एका वर्षी परूश्यांच्या, म्हणजे ढोंगी धर्मपंडितांच्या, खमिराचं. एका वर्षी वंशावळीतलं, अमक्याला अमका झाला. ते मी केवळ संख्या भरायला घातलं होतं. बाई दारात उभ्या राहून अक्षर अक्षर लावून वाचायच्या, घडी घालून पदराच्या टोकाला बांधायच्या आणि "सलाम, मास्तर" म्हणून निघायच्या. कपाळावर आठी नाही. मला मात्र रात्री जेवण जायचं नाही. देवाच्या घरी एवढी वचनं पडलेली आणि या बाईला द्यायला एक बरं सापडत नाही?

तीन वर्षांपूर्वी मी स्वतःच शोधलं. संदेष्ट्याच्या तोंडून लेकरांसाठी रडणाऱ्या राहेलीला सांगितलेलं आहे ना, की रडू नकोस, तुझी लेकरं परत आपल्या मुलखात येतील, ते. झकास अक्षरात लिहिलं. बायकांच्या दाराशी परात धरायला मीच उभा राहतो. ती सुरळी मी अंगठ्याखाली दाबून ठेवली. बाईंची पाळी आली, त्यांनी डोळे मिटले, हात पुढे केला. मी परात थोडी तिरकी केली आणि सुरळी त्यांच्या बोटांखाली सरकवली.

त्यांनी ती दोनदा वाचली. मग चर्चच्या पायरीवर खाली बसल्या. चेहऱ्यावर काय होतं ते मी नीट बघितलंच नाही, कारण मला जे बघायचं होतं ते मी आधीच ठरवलं होतं. मला वाटलं, आनंदानं बसली बाई. घरी जाऊन मी मटणावर ताव मारला आणि दुपारी गाढ झोपलो. देवाला जे जमलं नाही ते आपण केलं, असं वाटत होतं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

त्यानंतर बाई बदलल्या. चारला उघडणारं दार सकाळी सहाला उघडू लागलं. विद्यापीठाचं काम सोडलं. महिनाभरात रुपालीला मुलगी झाली, सृष्टी, पहिली नात. बाई केडगावला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत. बारशाला गेल्याच नाहीत. वचन त्यांनी काचेच्या चौकटीत घालून दाराशेजारी लावलं. येणारा-जाणारा वाचायचा. पाळकसाहेबांनी उपदेशात तीनदा त्यांचं उदाहरण दिलं, विश्वास असावा तर असा. मी पहिल्या बाकावर बसून मान हलवायचो. पण हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं होतं. पूर्वी बाई वाट बघायच्या आणि जगायच्या, दोन्ही करायच्या. आता एकच चाललं होतं. मी त्याला श्रद्धा म्हणून घेतलं, कारण दुसरं काही म्हणायचं झालं तर माझ्या अंगाशी येत होतं.

या जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी चर्चच्या तीन पायऱ्या चढताना बाई धापा टाकत खाली बसल्या. ओठ निळे पडले होते. रुपालीनं नगरला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत करावं, आणि नंतर एकटीनं राहायचं नाही, केडगावला लेकीकडेच राहायचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उशीर केला तर एखाद दिवशी झोपेतच जातील, हेही सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गावी परत आल्या.

रुपाली माझ्याकडे आली तेव्हा ड्युटीच्या कपड्यांतच होती. "सर, आई कुणाचं ऐकत नाही. म्हणते, देवानं सांगितलंय तो येणार, दार बंद दिसलं तर परत जाईल. मी काय करू? सुनील गेला तेव्हा बाबा गेले. आता आई पण त्याच्यापायी चाललीय. मी एकटी उरलेय सर, माझी वाट कुणीच बघत नाही." ती माझ्या खुर्चीवर बसून रडली. माझ्या विद्यार्थिनीला मी पाणीसुद्धा विचारलं नाही, इतका मी सुन्न झालो होतो.

"मी बोलतो," म्हणालो आणि बोललोही. पण काय? दवाखानाही देवाचाच असतो, डॉक्टरच्या हातालाही देवच यश देतो, असली भाषणं. पालथ्या घड्यावर पाणी. बाई शांतपणे म्हणायच्या, "मास्तर, वचनाच्या फुडं माझं काय चालतंय?" आणि चौकटीकडे बोट दाखवायच्या. चौकटीत माझं अक्षर. खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य बोललं की बाईंच्या हातातलं होतं नव्हतं ते सगळं मी काढून घेणार होतो. आणि नाही बोललं तर त्या मरणार होत्या. फेब्रुवारी असाच गेला. मी रोज संध्याकाळी ठरवायचो आणि रोज सकाळी माघार घ्यायचो.

मग उपवासाच्या चाळीस दिवसांतला पहिला रविवार आला. त्या दिवशी आमच्याकडे दर वर्षी एकच पाठ असतो, प्रभूची रानातली परीक्षा. चाळीस दिवसांचा उपाशी येशू, आणि सैतान येऊन म्हणतो, धोंड्यांच्या भाकरी कर. मग त्याला मंदिराच्या शिखरावर नेतो, म्हणतो, उडी टाक, देव झेलेल. हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं. पाळकसाहेबांचे उपदेश पाऊण तासाचे असतात आणि त्यात मी बहुतेक डुलकी काढतो. पण त्या दिवशी ते एक वाक्य बोलले आणि मी ताठ झालो. म्हणाले, "भावांनो आणि बहिणींनो, लक्षात घ्या, शिखरावर सैतानानं शिवी दिली नाही, धमकी दिली नाही. त्यानं शास्त्रातलं वचनच म्हणून दाखवलं. अगदी बरोबर, कानामात्रेची चूक न करता."

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, सगळं चर्च माझ्याकडेच बघतंय. पाळकसाहेब पुढेही पुष्कळ बोलले. देव परीक्षा टाळत नाही पण त्यातून निघायची वाटही ठेवतो, आपण त्याच्याकडे खूण मागू नये, आणि दुसऱ्याला खूण दाखवायला तर मुळीच जाऊ नये. शेवटचं ते म्हणाले की माझ्या मनानं घातलं, मला सांगता येणार नाही. उपासना संपल्यावर मी चहा न घेता सरळ बाईंच्या घरी गेलो. त्यांना धाप लागते म्हणून त्या दिवशी त्या चर्चला आल्या नव्हत्या.

बाई उंबऱ्यावर सुपात गहू निवडत होत्या. "सलाम, मास्तर. बसा."

मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा हवापाण्यावर बोललो असतो. "बाई, ते वचन तुमच्या हाताला लागलं नव्हतं," मी म्हणालो. "मी लावलं होतं."

"म्हंजे?"

मग सगळं सांगितलं. कुठलं वचन कसं शोधलं, अंगठ्याखाली कसं धरलं, परात कशी तिरकी केली. बाई ऐकताना गव्हातले खडे काढत होत्या. माझं संपलं तरी काढत होत्या. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"का?"

"तुमच्याकडं बघवत नव्हतं मला."

"तुमाला बगवत न्हवतं," बाई हळूच म्हणाल्या. "म्हून मला बसवलं व्हय तीन वर्सं?"

मला वाटलं होतं, त्या रडतील. म्हणतील, माझी आशा तोडली. पण त्या संतापल्या होत्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना संतापलेलं पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही, तो चढवायला छातीत दमच नव्हता. एकेका वाक्याला थांबत त्या बोलत होत्या.

"त्या सकाळी परातीत हात घालायच्या आदी मी देवाजवळ काय मागितलं हुतं, ठाव हाय तुमाला? म्या म्हणलं, बापा, आता न्हाई व्हत. सा वर्सं झाली. त्यो जिता आसंल तरी तुज्या हातात हाय, नसंल तरी तुज्याच हातात हाय. मला आता उटू दे हितनं. माज्या रुपालीचं दिवस भरत आल्यात. तिची आई जिती आसून तिला आई न्हाई. मला तिच्याकडं जाऊ दे, आन् रागावू नको माज्यावर." त्या थांबल्या. "टरंक भरून ठिवली हुती मी, मास्तर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जानार हुते. आन् तुमी माज्या हातात ही चिट्टी दिली. मला वाटलं, देवच म्हनतोय, न्हाई. बस तितंच."

पायरीवर त्या आनंदानं बसल्या नव्हत्या. मी सरकवलेल्या सुरळीनं त्यांना खाली बसवलं होतं. मी दाराची चौकट धरली.

"तुमाला काय वाटलं, माजा इस्वास तुमच्या चिट्टीवर हुता?" त्या म्हणाल्या. "त्यो यील का न्हाई, हे मी देवाला कदी इचारलंच न्हवतं. भ्यायची मी. न्हाई म्हणला तर? म्हून न इचारता त्याच्या पायाशी बसून ऱ्हायले. तेवडं जमत हुतं मला. तुमी मला इचाराय लावलं आन् वर उत्तर बी तुमीच दिलं."

मी क्षमा मागितली. शब्द काय होते ते आठवत नाही. बाई उठल्या, भिंतीवरची चौकट काढली, मागचे खिळे वाकवून कागद बाहेर घेतला. मला वाटलं, फाडतील. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "वचन काय खोटं न्हाई. राहेलीचं हुतं ते, खरंच हाय. पत्ता तेवडा तुमी घातला. आता जावा, मास्तर."

त्यानंतर आठ दिवस बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी चर्चमध्ये मी सलाम केला, तो त्यांनी घेतला नाही. आमच्याकडे सलाम न घेणं ही साधी गोष्ट नाही. मृत्यूच्या दारातही घेतात. मी घरी येऊन पाटीभर कांदे चिरले, डोळ्यांतून पाणी यायला काहीतरी कारण हवं होतं.

गुरुवारी रुपाली गाडी घेऊन आली. बाईंनी स्वतःच तिला फोन केला होता. एक ट्रंक, एक वळकटी, एवढंच सामान. मी आपला लांब थांब्यापाशी उभा होतो. बाई गाडीत बसण्याआधी इकडे तिकडे बघत होत्या, मला वाटलं घराकडे बघताहेत. मग त्यांनी मला हात केला. जवळ गेलो तर दाराची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"मी जाते म्हंजे सोडलं आसं न्हाई," त्या म्हणाल्या. "देवाच्या हातात दिलाय त्याला. पर आईचं डोळं काय मिटत न्हाईत. साडेचारची आन् पावणेसाची, दोनी गाड्या जाईस्तवर दार उगडं पायजे. तुमी बसायचं."

"किती दिवस, बाई?"

"मला कुनी सांगितलं हुतं का, किती दिवस?"

तेव्हापासून मी बसतोय. पहिल्या दिवशी मी वर्तमानपत्र घेऊन गेलो, शब्दकोडं सोडवू म्हटलं. साडेचारची गाडी वळणावर आली, ब्रेक कचकचले आणि मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. विद्यापीठात कामाला जाणाऱ्या दोन बायका उतरल्या, कोंबड्यांची पाटी घेऊन एक म्हातारा उतरला, दार बंद झालं, गाडी गेली. बस्स. पावणेसहाला पुन्हा तेच. घरी येऊन मी हिशेब केला नाही, करवला नाही, पण मला कळलं की हे त्या बाईनं दिवसातून दोनदा, नऊ वर्षं केलंय. कुणाचं वचन हातात नसताना सहा वर्षं केलंय. आणि वर पुन्हा "देव हाय की" म्हणून हसून दाखवलंय. मला पंधरा दिवसांत चिडचिड व्हायला लागली. ये की रे बाबा, असं मी त्या रस्त्याला मोठ्यानं म्हणायला लागलो. टेम्पो काढणारं ते पोरगं मला एकदा, फक्त एकदा, त्या थांब्यावर उतरलेलं बघायचंय. माझ्या पोटी मूल नाही. वाट बघणं म्हणजे काय ते मला सत्तराव्या वर्षी कळतंय, आणि ते सोसत नाही. मग मी देवाशी बोलतो. कामापुरतं नाही, पुष्कळ बोलतो. भांडतो. तो उत्तर देत नाही, पण मी उठून जात नाही आणि तोही जात नाही असं मला आता वाटतं.

मार्चअखेर बाईंचं ऑपरेशन झालं. सहा तास चाललं. पहिले दोन दिवस त्या शुद्धीवर येत-जात होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, सहा वाजून गेले होते, मी अजून उंबऱ्यावरच होतो, रुपालीचा फोन आला. ती अतिदक्षता विभागातून हळू आवाजात बोलत होती.

"सर, आई बोलतेय थोडं. पण बीपी फार खाली आहे, काही खात नाही. डॉक्टर म्हणतात, मनानं धरलं पाहिजे. सकाळपासून तुमचंच नाव काढतेय. मी फोन कानाला लावते तिच्या. सर, काहीतरी चांगलं सांगा ना तिला. प्लीज. काहीही."

काहीही. अर्ध्या मिनिटात माझ्या डोक्यात सगळं तयार झालं. दुपारी एक फोन आला होता, पलीकडून कुणी बोललं नाही, पण कुणीतरी होतं. खोटं ठरायची सोय नाही आणि बाईंना दहा वर्षं पुरलं असतं. इतकी सोपी दया. माझ्या जिभेवर ते वाक्य आलं होतं, अगदी चांगल्या अक्षरात लिहिल्यासारखं. रस्ता मोकळा होता. थांब्यावर एक कुत्रं झोपलं होतं. मी मनात म्हणालो, देवा, बाई मेली तर ती तुझ्याकडे येईल, पण मी खोटं सांगून तिला नाही ठेवणार. तू ठेव.

"मास्तर," आवाज इतका बारीक की मी फोन कानात खुपसला. "आलं का कुनी?"

"नाही, बाई," मी म्हणालो. "कुणी आलं नाही."

पलीकडे यंत्राचा टिकटिक आवाज येत होता.  

"बरं," बाई म्हणाल्या. "उद्या बी बसा."